अर्ध्या तासावरचा समुद्र आणि छंदाला वेळ

सडा_आणि_सुरू
रविवार, रात्री १०:१५

दापोलीत राहतो म्हटलं की पुण्या-मुंबईचे मित्र हमखास म्हणतात, "तुझं बरंय बाबा, मनात आलं की समुद्रावर." पण दापोलीतल्याच कुणालाही विचारून बघा, हर्णैला शेवटचे कधी गेला होतात? बहुतेकांचं उत्तर येतं, पाहुणे आले होते तेव्हा. लांब जायचं तर माणूस रजा टाकतो, तिकीट काढतो, बॅग भरतो. अर्ध्या तासावरचा समुद्र उद्याही तिथेच असणार असतो, त्यामुळे तो कायम उद्यावर जातो.

मी हिशेबाच्या कामात आहे. मार्च महिना कसा जातो ते या कामातल्यांना सांगायला नको. घरी आई आहे, मुलगी दहावीला आहे, थोडी कलमं आहेत त्यांचंही बघावं लागतं. कॅमेरा कॉलेजपासून हातात आहे, पण मला लडाखची किंवा आफ्रिकेतल्या जंगलांची ओढ कधीच लागली नाही. केळशी ते दाभोळ एवढा पट्टा मला पुरतो. केळशीची वाळूची टेकडी, आंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते ते मुख, हर्णैचं बंदर आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, मुरुड-कर्द्याची लांबलचक सपाट पुळण, लाडघरची तांबूस वाळू, कोळथऱ्याचे खडक. हा किनारा मला आवडतो म्हणणं कमी पडेल. दुसरीकडे कुठे गेलो की माझी नजर आपोआप क्षितिज शोधते.

तर मुद्दा वेळेचा. माझी वेळ रविवार ठरवत नाही, तिथी ठरवते. आपल्याकडे जुना आडाखा आहे: तिथीच्या पाऊणपट भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती साधारण सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. गावागणिक अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, नक्की वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे छापील तक्ते असतात. पण ठरवाठरवीला आडाखा पुरतो.

आता यातली गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकरा-साडेअकराला आली, तर ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. म्हणजे उधाणाच्या दिवसांत, जेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, नेमका तेव्हाच आपल्या किनाऱ्यावर उजेड चांगला असतो. ओली पुळण आरशासारखी होते, एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमारास, उलट होतं. पाणी पहाटे आणि संध्याकाळी वर आलेलं असतं आणि फारसं हलतही नाही.

मला लागणारे दिवस महिन्यातून दोनदा येतात आणि ते पंचांगात आधीच छापलेले असतात. वर्षाच्या सुरुवातीला घरातल्या कालनिर्णयवर मी त्या दिवसांना खुणा करतो. कुणाचं लग्न आलं, ऑफिसात तपासणी आली तर दिवस जातो, त्याला इलाज नाही. पण बाकीच्या दिवशी साडेचारला मी टेबलावरून उठतो आणि आता कुणी कारणही विचारत नाही. "रिकामा असेन तेव्हा जाईन" याला कुणी मान देत नाही, स्वतः आपणही देत नाही. "आज ओहोटी साडेपाचला आहे" याला सगळे मान देतात.

तुम्ही तुमच्या छंदाला वेळ कसा देता? आणि तुमच्या गावचा किनारा कोणता?

---

डोंबिवली_लोकल
रविवार, रात्री ११:०२

वाचनखूण साठवली. पाऊणपटीचा हिशेब आजोबांच्या तोंडून ऐकला होता, पण तो फोटोंसाठी वापरता येईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

माझं गाव गुहागर तालुक्यात. अडचण अशी की मी वर्षातून दोनदा जातो, गणपती आणि मे महिना. गणपतीत घर माणसांनी भरलेलं, आरत्या, जेवणावळी, भजनं. तेव्हा कॅमेरा घेऊन निघालो की आत्या म्हणते, "वर्षातून एकदा येतोस, तेही किनाऱ्यावर बसायला?" तिचंही चूक नाही. अशांनी काय करायचं?

---

सडा_आणि_सुरू
रविवार, रात्री ११:४०

@डोंबिवली_लोकल, तुमचं काम सणांनीच सोपं केलंय. सण तिथीवर असतात, म्हणून सणाची भरतीही दर वर्षी तीच असते. गणेश चतुर्थी: चाराचे पाऊणपट तीन. भरती दुपारी तीनच्या सुमारास, ओहोटी सकाळी नऊच्या. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी धावपळ करून उपयोग नाही, प्राणप्रतिष्ठा आणि जेवण निवांत करा. अनंत चतुर्दशी: भरती साडेदहा, ओहोटी साडेचार-पावणेपाच. विसर्जनाला निघता तेव्हा पुळण रुंद आणि ओली असते, आणि सूर्यास्ताला तास-दीड तास शिल्लक असतो. आत्याला बरोबर घेऊन जा, ती तशीही येणारच आहे.

नारळी पौर्णिमा, होळी, कोजागरी या सगळ्या पौर्णिमा, म्हणून सगळ्यांना संध्याकाळी ओहोटी. सणाला समुद्रावर जायचं तेव्हा पाणी कुठे असेल हे आपल्या आधीच्या लोकांना कुणी वेगळं सांगायला लागत नव्हतं.

---

रापणकाठ
सोमवार, सकाळी ६:५०

मी मालवणची, शाळेत शिकवते. धागा वाचून लिहायलाच बसले.

तुम्ही साडेचारला टेबलावरून उठता. मी साडेपाचला घरी येते तेव्हा चहा, देवाजवळचा दिवा, रात्रीचं जेवण, मुलांचा अभ्यास हे सगळं वाट बघत असतं. बाईच्या छंदाला वेळ द्यायचा तर पंचांगावर खूण करून भागत नाही, ते घरात मोठ्यानं सांगावं लागतं. मी सांगितलं. महिन्यातल्या या या संध्याकाळी मी किनाऱ्यावर आहे, चहा ज्यानं त्यानं करून घ्यायचा, कुकर नवऱ्यानं लावायचा. पहिले काही महिने घरात शांतता होती. आता सासूबाई स्वतः विचारतात, "आज सुकती कधी गो?" सुकती म्हणजे ओहोटी.

माझ्याकडे कॅमेरा नाही, फोन आहे. त्यावर जमतं. सूर्यास्ताच्या वेळी आकाशावर बोट दाबून धरायचं, म्हणजे उजेडाचं मोजमाप तिथे अडकून राहतं, आणि मग उजेड थोडा खाली ओढायचा. नाहीतर फोन अंधाऱ्या होड्या दाखवायच्या नादात आकाश पांढरं करून टाकतो. आणि किनाऱ्यावर दर थोड्या वेळानं भिंग पुसायचं, खाऱ्या हवेचा पापुद्रा बसतो त्यावर.

मी रापण टिपते. दोन टोकांना दोरीला लागलेली माणसं, मध्ये पाण्यात जाळ्याचा अर्धा वेढा, तो हळूहळू किनाऱ्याकडे येतो. दोरी ओढणारे मागे मागे जातात तेव्हा सगळ्यांच्या टाचा एकाच वेळी वाळूत रुततात. मला चेहऱ्यांपेक्षा त्या टाचा टिपायला आवडतात.

---

मनमौजी
सोमवार, सकाळी ९:३०

सुंदर लिहिलंय, पण मला पटलं नाही. छंदाला वेळापत्रक लावलं की तो नोकरी होतो. दिवसभर घड्याळावर चालायचं आणि समुद्रावरही तक्ता बघून जायचं? मी मन झालं की निघतो. चांगला उजेड मिळाला तर मिळाला, नाहीतर नुसतं बसून येतो.

---

सडा_आणि_सुरू
सोमवार, दुपारी १:२०

@मनमौजी, मन झालं की निघता येणं ही मोठी मोकळीक आहे आणि तुम्हाला ती आहे याचा मला आनंद आहे. संसारात, नोकरीत अडकलेल्या माणसाचं मन निघायच्या वेळेला बहुतेकदा थकलेलं असतं. ते सोफ्यावर बसायला सांगतं. मी त्याचं ऐकत बसलो तर वर्ष निघून जाईल. एकदा किनाऱ्यावर पाय टेकला की मन आपोआप हजर होतं, हा माझा अनुभव आहे. आणि तिथे पोचल्यावर मी घड्याळ बघत नाही. पाणी मागे हटत राहतं आणि मी त्याच्या मागे चालत राहतो.

उदाहरण सांगतो. मुरुडच्या पुळणीवर पाणी ओसरलं की बारीक खेकडे बिळाबाहेर येतात, ओल्या वाळूतलं अन्न चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळातून बाहेर येण्याची एक वाट, तिच्या दोन्ही बाजूंना गोळ्यांच्या ओळी, मग दुसरी वाट, तिच्या ओळी. तासाभरात बिळाभोवती पूर्ण नक्षी उमटते आणि पुढच्या भरतीला पुसली जाते. हे टिपायला पोटावर झोपावं लागतं, श्वास धरावा लागतो, कारण पावलाच्या हादऱ्यानं सगळे एका क्षणात आत जातात. त्या वेळात ऑफिसातला एकही आकडा डोक्यात नसतो.

---

खारा_वारा
सोमवार, दुपारी ३:०५

सगळं खरं, पण खारी हवा कॅमेरा खाते त्याचं काय? माझ्या लेन्समध्ये एका पावसाळ्यात बुरशी धरली. दुरुस्तीवाल्यानं सांगितलेली रक्कम ऐकून लेन्स तशीच कपाटात ठेवली आहे. ट्रायपॉडचे पायही वाळूनं करकरतात. छंद हौसेचा असला तरी खिसा बघावा लागतो ना.

---

सडा_आणि_सुरू
सोमवार, रात्री ९:१०

@खारा_वारा, कोकणात पावसाळ्यातली दमट हवा हाच लेन्सचा मोठा शत्रू. झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं जून ते सप्टेंबर पाळा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. लेन्स कातडी पिशवीत ठेवू नका, कातडं ओल धरतं. आणि वापरातली लेन्स कपाटातल्या लेन्सपेक्षा चांगली राहते, तिला उजेड आणि वारा मिळत असतो.

किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, घरूनच एक लावून निघायचं. समोर साधा फिल्टर असावा, त्यावर तुषार उडाले तर आधी फुंकणीनं वाळू उडवायची आणि मगच किंचित ओल्या कापडानं पुसायचं. कोरडं कापड फिरवलं की वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा टप्पा थोडा बाहेर काढा, म्हणजे त्याचा सांधा पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतो. घरी आलात की त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुवा आणि उघडा ठेवून वाळवा. मी बाथरूममध्ये बादली भरूनच निघतो, परत आल्यावर आळस नको म्हणून.

परत फिरणाऱ्या लाटेच्या फेसाच्या रेघा हव्या असतील तर पाव सेकंद ते एक सेकंद पुरतो. तीस सेकंद ठेवलात तर सगळं पाणी धुक्यासारखं होतं. तेही काहींना आवडतं, मला लाट ओळखू आलेली आवडते.

---

बंदरावरची
मंगळवार, सकाळी ७:४०

माझे वडील आणि भाऊ मासेमारीत आहेत, म्हणून जरा वेगळं लिहिते.

हर्णैचा लिलाव बघायला गर्दी होते, हातात कॅमेरे असतात. लिलाव चालू असतो तेव्हा आमची माणसं डिझेलचा, बर्फाचा, खलाशांच्या पगाराचा हिशेब डोक्यात घेऊन उभी असतात. पाटीत काय आलं त्यावर तो आठवडा ठरतो. त्या वेळी एखाद्या बाईच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा नेला की तिला काय वाटत असेल? फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. आधी थांबा, बोला, दर विचारा, जमलं तर मासळी घ्या. मग कॅमेरा काढा. आणि काढलेला फोटो छापून परत आणून द्या. माझ्या वडिलांचा होडीवरचा एकमेव चांगला फोटो अशाच एका माणसानं आणून दिलेला आहे आणि तो आमच्या ओटीवर लावलाय.

आणखी एक. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झाकून ठेवतात, तेव्हा बंदरात फोटोवाले नसतात. पण जाळी विणणं, होडीला तेल-रंग, इंजिनाची डागडुजी हे सगळं त्याच दिवसांत चालतं आणि माणसांना बोलायला वेळही असतो. तेव्हा या.

---

रापणकाठ
मंगळवार, सकाळी ८:१५

@बंदरावरची, फोटो छापून देण्याबद्दल अगदी शंभर टक्के. रापणीतल्या आजोबांना मी फोटो दिला तर त्यांनी तो उलटा करून मागे तारीख लिहायला सांगितली.

---

जुना_भूगोल
मंगळवार, रात्री ८:३०

निवृत्त शिक्षक, वास्तव्य रत्नागिरी. सगळे प्रतिसाद वाचले. एक सुचवतो.

तुम्ही मंडळी वर्षानुवर्षं त्याच किनाऱ्यावर जाताय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडच्या सुरूच्या, सुपारीच्या, नारळाच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. "आधी इथे कसं होतं" हे दाखवणारे चांगले फोटो शोधायला गेलं की सूर्यास्त ढिगानं सापडतात, पण किनाऱ्याची कड, सुरूची रांग, खाडीचं मुख नीट दिसेल असे फार थोडे. खाड्यांची मुखं सरकतात, धूपप्रतिबंधक बंधारे होतात, त्यांच्या शेजारची वाळू हलते. याची नोंद घरच्या माणसाइतकी कोण ठेवणार?

एकच जागा धरा, तिथूनच, त्याच उंचीवरून, त्याच दिशेनं फोटो काढा. तुलना मात्र त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करा. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि नंतरच्या शांत महिन्यांत ती बरीचशी परत येते, त्यामुळे ऑगस्टचा फोटो फेब्रुवारीच्या शेजारी ठेवला तर किनारा बुडाल्यासारखा वाटेल. भरतीची स्थितीही सारखी हवी.

---

सडा_आणि_सुरू
मंगळवार, रात्री १०:५०

@जुना_भूगोल सर, आंजर्ल्याच्या मुखाशी माझी अशी एक जागा आहे. निसर्गच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही फोटो आहेत. मागच्या सुरूच्या रांगेत केवढी भगदाडं पडली ते शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतं. आई तो फोटो बघून कितीतरी वेळ काही बोलली नव्हती. तिचं माहेर आंजर्ल्याचं.

एकाच जागेवर राहण्याचा दुसरा लाभ सूर्य दाखवतो. आपल्या अक्षांशावर मावळतीची जागा वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साधारण पंचवीस-पंचवीस अंश सरकते, डिसेंबरात दक्षिणेकडे, जूनमध्ये उत्तरेकडे. मार्च-सप्टेंबरात तो रोज जवळजवळ स्वतःच्या बिंबाएवढा सरकतो आणि डिसेंबरच्या शेवटी कितीतरी दिवस जागचा हलत नाही. किल्ल्याच्या ज्या बुरुजामागे तो १० नोव्हेंबरला मावळला, तिथेच पुन्हा ३१ जानेवारीच्या आसपास येतो. एकदा ढग आले म्हणून हळहळायचं कारण नाही, दुसरी तारीख लिहून ठेवायची. मे-जूनमध्ये आकाश साथ देत नाही, म्हणून मी थंडीतल्या जोड्या जपतो.

आणि पौर्णिमेची पहाट कुणी सोडू नका. पश्चिम किनाऱ्यावर सूर्योदय समुद्रात दिसत नाही म्हणून सकाळी कुणी फिरकत नाही. पण पौर्णिमेच्या किंवा प्रतिपदेच्या सकाळी पूर्ण चंद्र समुद्रात मावळत असतो, मागून डोंगराकडून उजेड येत असतो आणि पाणी नुकतंच वळलेलं असतं. त्या वेळी मी ऑफिसच्या आधी दोन तास किनाऱ्यावर असतो आणि नऊच्या आत कामावर.

---

मनमौजी
बुधवार, सकाळी १०:००

ही पहाट मी कधी बघितलेली नाही. तक्त्याबद्दलचं माझं मत तेच आहे, पण या पौर्णिमेला उठतो.

---

डोंबिवली_लोकल
बुधवार, रात्री १०:२५

सर, मला एक जागा नेमून द्या, मीही धरतो. वर्षातून दोनदाच जाईन, पण त्याच दोन वेळा जाईन. आणि यंदा दिवाळीत दापोलीला बहिणीकडे येतोय. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, म्हणजे संध्याकाळी ओहोटी. त्या दिवशी हर्णैला यावं का?

---

जुना_भूगोल
गुरुवार, सकाळी ७:०५

@डोंबिवली_लोकल, जागा तुम्हीच निवडा, मला कळवा. फ्रेममध्ये न हलणारं काहीतरी ठेवा: देवळाचा कळस, पुलाचा खांब, मोठा कातळ. खडकावर रंगाची खूण करू नका. फोटोच्या नावात तारीख, तिथी आणि त्या दिवशीची ओहोटीची वेळ लिहा. तिथी लिहिलीत की पंचवीस वर्षांनी बघणाऱ्यालाही पाणी कुठे होतं ते कळेल.

---

सडा_आणि_सुरू
गुरुवार, सकाळी ८:२०

@डोंबिवली_लोकल, लक्ष्मीपूजन बहिणीच्या घरी करा, सूर्यास्त आणि पूजेची वेळ एकच येते. पाडव्याला या. प्रतिपदेची ओहोटी संध्याकाळी सहा ते पावणेसातच्या मध्ये कुठेतरी आणि त्या सुमारास सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो, म्हणजे शेवटच्या उजेडापर्यंत पाणी मागेच जात राहील. पाच वाजता बंदरावर भेटू. ट्रायपॉड नसेल तर माझ्याकडे जुना एक आहे, घेऊन येतो. भाचरांनाही आणा, खेकड्यांची नक्षी दाखवू.